माध्यमिक शाळेतील इंग्रजी वाचन व लेखन : अध्यापनातील एक मूलभूत उणीव

मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजीच्या गद्यपाठाचा तास बहुधा एका ठराविक रीतीने चालतो. शिक्षक पाठातील एक वाक्य मोठ्याने वाचतात, त्याचा अर्थ मराठीत सांगतात आणि पुढील वाक्याकडे वळतात. विद्यार्थी कठीण शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारून त्यावर मराठी प्रतिशब्द लिहून घेतात. परिच्छेद संपला की एकदोघांना उभे करून तो मोठ्याने वाचावयास सांगितले जाते. पाठ पुरा झाल्यावर स्वाध्यायातील प्रश्नांची उत्तरे फळ्यावर येतात व तेथून वहीत उतरतात. या व्यवहारात वरकरणी काही वावगे दिसत नाही. शिक्षक श्रम करतात, विद्यार्थी लक्ष देतात, पाठातील मजकूर सर्वांना कळतो. परंतु बारकाईने पाहिले असता असे आढळते की, त्या तासात इंग्रजी वाचण्याचे काम एकाच व्यक्तीने केलेले असते आणि ती व्यक्ती म्हणजे शिक्षक होय. विद्यार्थ्यांनी जे समजून घेतले ते मराठी ऐकून.

पाठ शिकविणे आणि वाचन शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाठ शिकविला म्हणजे विद्यार्थ्याला त्या विशिष्ट पाठाचा आशय कळतो. वाचन शिकविले म्हणजे त्याला न शिकविलेला पाठ वाचता येतो. लेखनाबाबतही हाच भेद आहे. निबंध लिहून देणे म्हणजे लेखन शिकविणे नव्हे. माध्यमिक शाळेत वाचन व लेखन यांची परीक्षा घेतली जाते, परंतु त्यांचे अध्यापन फारच थोडे होते. ही उणीव शिक्षकांच्या आळसातून किंवा अज्ञानातून निर्माण झालेली नाही. तिला एक इतिहास आहे, आणि तो नीट ध्यानात घेतल्यावाचून उपाययोजनेचा विचार करणे व्यर्थ होय.

विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत मुंबई इलाख्यातील हायस्कुलांच्या वरच्या इयत्तांत इंग्रजी हा केवळ एक विषय नव्हता, तर ते शिक्षणाचे माध्यम होते. इतिहास, भूगोल, गणित, शास्त्र हे सर्व विषय विद्यार्थी इंग्रजी पुस्तकांतून शिकत. इंग्रजीच्या तासाला मात्र व्याकरण, शब्दार्थ व भाषांतर यांवर भर असे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्पिढ्या पोसल्या गेल्या, आणि त्या पिढ्यांना उत्तम इंग्रजी येत असे, हे आजही अभिमानाने सांगितले जाते. यावरून भाषांतरपद्धती यशस्वी होती असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष सदोष आहे. त्या विद्यार्थ्यांचे वाचन भाषांतराच्या तासाला होत नव्हते. ते इतिहासाच्या व शास्त्राच्या तासाला, घरी दिव्याजवळ बसून पाठ करावयाच्या पुस्तकांतून होत होते. भाषांतराचा तास त्या वाचनाला शिस्त लावीत असे एवढेच. शिवाय त्या हायस्कुलांत पोहोचणारी मुले समाजाच्या एका लहानशा थरातील होती, आणि जी मागे पडत त्यांची गणती कोणी ठेवीत नसे.

पुढे शिक्षणाचे माध्यम मराठी झाले. हे परिवर्तन सर्वथा योग्य होते. परक्या भाषेतून इतिहास व गणित शिकण्याचे ओझे मुलांच्या डोक्यावरून उतरले. स्वातंत्र्यानंतर खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात पाचवी ते सातवी या इयत्तांतून इंग्रजी वगळून तिचा प्रारंभ आठवीपासून करण्यात आला. त्या निर्णयावर मोठे वादंग माजले, महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर इंग्रजी पुन्हा पाचवीत आली, आणि २००० सालापासून ती पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. या सर्व वादांत इंग्रजी किती वर्षे शिकवावी हाच प्रश्न पुढे राहिला. माध्यम बदलल्यामुळे विद्यार्थ्याच्या डोळ्यांखालून जाणारे इंग्रजी एकाएकी किती आटले, इकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. विषयाची पद्धती जुनी राहिली, आणि ती पद्धती ज्या विपुल वाचनावर अप्रकटपणे उभी होती ते वाचन नाहीसे झाले.

हे वाचन किती आटले याचा अंदाज साध्या अंकगणिताने करता येतो. इंग्रजीच्या एखाद्या पाठ्यपुस्तकात २५ पाठ आहेत आणि प्रत्येक पाठ सरासरी ६०० शब्दांचा आहे असे धरले, तर पुस्तकात एकूण १५,००० शब्द होतात. मिनिटाला १०० शब्द ही वाचनाची गती अगदी मंद होय. त्या गतीनेही हे पुस्तक १५० मिनिटांत, म्हणजे अडीच तासांत वाचून होते. अर्थात ज्या वर्गात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे इंग्रजी पुस्तक उघडले जात नाही, त्या वर्गातील विद्यार्थी संपूर्ण वर्षात फार तर अडीच तासांचे इंग्रजी वाचन करतो. आणि शिक्षकच अर्थ सांगत असतील, तर तेवढेही करीत नाही. पोहण्याची कला वर्षाकाठी अडीच तास पाण्यात उतरून कोणास अवगत होईल?

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार भारतीय परिस्थितीत प्रथम ज्यांनी केला त्यांत मायकेल वेस्ट यांचे नाव अग्रभागी ठेवावे लागेल. वेस्ट हे १९१२ साली इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये आले व पुढे ढाका येथील अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनावर त्यांनी जे प्रयोग केले त्यांवर आधारलेला ‘बायलिंग्वलिझम’ हा त्यांचा प्रबंध १९२६ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. त्यातील एक कल्पना अद्यापि विचारार्ह आहे. विमा उतरविणारा मनुष्य मध्येच हप्ते भरणे थांबवितो तेव्हा त्याला विम्याचे काही समर्पण मूल्य परत मिळते. वेस्ट यांनी हीच संज्ञा शिक्षणास लावली. शाळेचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या थोड्या मुलांना काय लाभते एवढेच पाहून भागत नाही. जो मुलगा दोन वर्षांनी अगर चार वर्षांनी शाळा सोडतो, त्याने तोपर्यंत घातलेल्या श्रमांचे त्याच्या पदरात काय पडते, हे पाहिले पाहिजे. चार वर्षे व्याकरणाचे नियम व शब्दार्थ पाठ केलेल्या मुलाच्या हाती शाळा सोडताना जवळजवळ काहीच उरत नाही. तेवढ्याच काळात त्याला सोप्या इंग्रजीतील पुस्तक वाचता येऊ लागले असेल, तर ती मिळकत त्याच्यापासून कोणी हिरावून घेऊ शकत नाही. ती शाळेबाहेरही वाढवता येते. या कारणास्तव वेस्ट यांनी वाचनास अग्रस्थान दिले. संभाषणासाठी समोर बोलणारे माणूस लागते, लेखनासाठी तपासणारे माणूस लागते. वाचनास पुस्तक पुरते.

वेस्ट यांच्या या मतावर आक्षेप घेता येतील व ते घेतले गेलेही आहेत. बोलण्याकडे त्यांनी दुर्लक्ष केले, आणि आज मुंबई–पुण्याच्या नोकरीच्या बाजारात बोलता न येणारा तरुण मागे पडतो, हे नाकारता येत नाही. तथापि खेड्यातील शाळेत इंग्रजी बोलणारे माणूस शिक्षकाखेरीज मिळत नाही, ही १९२६ सालच्या ढाक्यातील अडचण पुष्कळ ठिकाणी अजूनही शिल्लक आहे.

वेस्ट यांचे दुसरे कार्य म्हणजे शब्दनियंत्रित वाचनमाला. पाठ्यपुस्तकांत नवीन शब्दांची एकदम गर्दी होते आणि एकदा आलेला शब्द पुन्हा दिसतच नाही, हे दोन दोष त्यांनी हेरले. विरळ शब्दांऐवजी नित्याचे शब्द योजावे, नवे शब्द मजकुरात विखरून आणावे आणि आलेला शब्द लवकरच वारंवार पुन्हा भेटेल अशी व्यवस्था करावी, या तत्त्वांवर त्यांची वाचनमाला रचली गेली. सुमारे २००० शब्दांची त्यांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ १९५३ साली प्रसिद्ध झाली व पुढील कित्येक वाचनमालांचा ती पाया ठरली. नंतरच्या संशोधनाने या दृष्टीस पुष्टीच मिळाली. हू व नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार परभाषेतील कथात्म मजकूर कोणाच्या मदतीवाचून पुरेसा समजण्यासाठी त्यातील शेकडा ९८ शब्द वाचकास परिचित असावे लागतात. म्हणजे ५० शब्दांत एक अपरिचित शब्द चालतो. ३०० शब्दांच्या पानावर असे सहा शब्द होतात. ज्या पानावर विद्यार्थी चाळीस शब्दांखाली रेघ मारतो, तेथे प्रत्येक सातआठ शब्दांमागे एक अडथळा असतो. अशा पानावर वाचन होत नाही, उकल होते. आणि ती शिक्षकांनाच करावी लागते. वाक्यावाक्याचा अर्थ सांगणारा शिक्षक पुष्कळदा स्वतःच्या पसंतीने तसे करीत नसून पुस्तक त्यास तसे करावयास लावते.

याचा अर्थ पाठ्यपुस्तकातून सकस साहित्य काढून टाकावे असा नव्हे. सूक्ष्म वाचनासाठी कठीण उतारे असावेत. शिक्षकाच्या सोबतीने एखादा परिच्छेद कणाकणाने उलगडण्यात मोठा आनंद व लाभ आहे. परंतु सूक्ष्म वाचन व स्थूल वाचन यांची सामग्री एक असू शकत नाही. स्थूल वाचनासाठीचे पुस्तक विद्यार्थ्याच्या पायरीहून एक पायरी खालचे हवे. ते सोपे आहे म्हणून कमी प्रतीचे समजणे ही विद्वानांची जुनी खोड आहे.

शब्दांखेरीज मराठी विद्यार्थ्यापुढे आणखी दोन अडचणी असतात, आणि त्या त्याच्या मातृभाषेच्या विशिष्ट घडणीतून येतात. पहिली लिपीची. देवनागरीत अक्षर दिसले की उच्चार ठरतो, अपवाद थोडे. इंग्रजीत ‘ओ-यू-जी-एच’ हीच चार अक्षरे एका शब्दात ‘दो’, दुसऱ्यात ‘थ्रू’, तिसऱ्यात ‘टफ’ व चौथ्यात ‘कॉफ’ असा उच्चार देतात. मराठी मुलगा स्वाभाविकपणे अक्षरे जोडून शब्द उच्चारू पाहतो व फसतो. ही अडचण प्राथमिक इयत्तांत दूर व्हावयास हवी. प्रत्यक्षात ती आठवी–नववीपर्यंत अनेकांच्या पाठीशी असते. अशा विद्यार्थ्याला वर्गात उभे करून मोठ्याने वाचावयास लावले की त्याचे सारे चित्त उच्चार चुकू नये याकडे लागते, आणि आपण काय वाचले हे त्यास सांगता येत नाही. प्रकट वाचन हे उच्चाराच्या सरावाचे साधन आहे. ते आकलनाचे प्रमाण नव्हे व आकलनाचा मार्गही नव्हे.

दुसरी अडचण वाक्यरचनेची आहे व ती अधिक खोल आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. मराठीत ‘जो–तो’ या जोडीने गौण वाक्य आधी सांगून मग मुख्य वाक्य येते. इंग्रजीत गौण वाक्य नामाच्या मागोमाग मध्येच घुसते. ‘ज्या माणसाने आम्हांला बैल विकले तो काल आला’ हे वाक्य इंग्रजीत ‘द मॅन हू सोल्ड अस द बुलक्स केम यस्टरडे’ असे होते. डावीकडून उजवीकडे एकेक शब्दाचा अर्थ लावीत जाणारा विद्यार्थी शेवटच्या तीन शब्दांशी पोहोचतो आणि काल बैल आले असे समजतो. या चुकीत शब्दार्थाचे अज्ञान मुळीच नाही. वाक्यातील प्रत्येक शब्द त्यास ठाऊक आहे. त्याला शिकवावयाचे आहे ते हे की, ‘द मॅन’ पासून ‘बुलक्स’ पर्यंतचा सर्व समूह मिळून एक कर्ता आहे. परंतु भाषांतरपद्धतीत या ठिकाणी शिक्षक वाक्य मागून पुढे फिरवून त्याचे सुबक मराठी करून देतात. त्यामुळे मराठी वाक्य नीट जुळते, पण इंग्रजी वाक्य नजरेने कसे तोडावे हे विद्यार्थ्याला कधीच कळत नाही. फळ्यावर अशी पाचसहा वाक्ये लिहून त्यांतील शब्दसमूह उभ्या रेघांनी वेगळे करून दाखविणे, आणि पुढल्या तासाला ते काम विद्यार्थ्यांकडून करून घेणे, हा अल्प वेळेचा व फार फलदायी उपक्रम आहे.

शब्दसमूह पकडण्याच्या सरावासाठी वेस्ट यांनी ‘टीचिंग इंग्लिश इन डिफिकल्ट सर्कमस्टन्सेस’ या १९६० सालच्या पुस्तकात एक युक्ती सांगितली आहे. तिला ‘वाचा व वर पाहा’ असे म्हणता येईल. दोन विद्यार्थी समोरासमोर बसतात. एकजण पुस्तकातील शब्दसमूह मनात वाचतो, मान वर करतो आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून तो म्हणतो. डोळे पुस्तकावर असताना बोलावयाचे नाही, एवढाच नियम. एकेक शब्द वाचून हे जमत नाही. अर्थ लागलेला समूहच स्मरणात धरून मान वर करता येते. ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात एकाच वेळी ३० जोड्या हे करू शकतात, बाके हलवावी लागत नाहीत व खर्च काही नाही. हे पुस्तक दाटीवाटीच्या, साधनहीन वर्गांना समोर ठेवून लिहिलेले आहे, हे त्याच्या शीर्षकावरूनच दिसते. आपल्या अध्यापक महाविद्यालयांतून त्याचे वाचन आहे त्याहून अधिक व्हावयास हवे.

वाचनाच्या तासाचा क्रमही पालटला पाहिजे. उतारा वाचण्यापूर्वी एकदोन प्रश्न फळ्यावर लिहावेत. विद्यार्थ्यांनी त्यांची उत्तरे शोधीत मूकवाचन करावे. पाच–सात मिनिटे वर्गात शांतता असावी. ही शांतता पुष्कळ शिक्षकांना सहन होत नाही, कारण आपण शिकवीत नाही असे त्यांना वाटते व वर्गाबाहेरून जाणाऱ्या मुख्याध्यापकांनाही तसेच वाटते. वस्तुतः सबंध आठवड्यात विद्यार्थ्याचे खरे इंग्रजी वाचन याच मिनिटांत होते. उत्तर आल्यानंतर ‘हे कशावरून?’ असे विचारून ज्या वाक्यावर उत्तर आधारले आहे ते दाखवावयास सांगावे. उत्तर चुकले तरी हा प्रश्न विचारावा; चूक कोठे झाली हे त्यानेच उघड होते. मराठीचा उपयोग निषिद्ध मानण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याने इंग्रजी वाचून उत्तर मराठीत दिले तर त्याने वाचन केलेले असते. मराठी ऐकून उत्तर इंग्रजीत दिले तर केलेले नसते.

१९५० नंतरच्या दशकांत भारतात ज्या संरचनात्मक पद्धतीचा प्रसार झाला, तिने भाषांतराचे वर्चस्व कमी केले व १९५८ साली हैदराबाद येथे स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेच्या द्वारा शिक्षकांच्या प्रशिक्षणास नवी दिशा मिळाली. परंतु या पद्धतीचा भर निवडक वाक्यरचनांच्या तोंडी सरावावर होता. वाचन मागे ढकलले गेले व जे झाले ते शिकविलेल्या रचनांची उजळणी म्हणून. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत जो बंगलोर प्रकल्प चालविला, त्याची प्रेरणा या असमाधानात होती. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, दुकानातील हिशेब अशा सामग्रीवर विचार करून काही निश्चित उत्तर काढावयाचे, आणि भाषेकडे लक्ष न वेधता ती वापरावयास लावावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. प्रकल्पाच्या फलिताबद्दल मतभेद आहेत. मात्र साध्या शाळेतील मुले इंग्रजी मजकुरावर स्वतः विचार करू शकतात, एवढे त्याने निश्चित दाखविले.

वाचन वाढविल्याने लेखनावर काय परिणाम होतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण फिजी बेटांतील आहे. १९८० साली एली व मांगुभाई यांनी तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांत नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलांच्या घरची भाषा फिजीयन किंवा तेथील हिंदी होती; शाळेत इंग्रजी शिकविण्याचा रूढ अभ्यासक्रम तोंडी रचनासरावाचा होता. निवडक वर्गांना प्रत्येकी २५० चित्तवेधक गोष्टींची पुस्तके देण्यात आली व रोज काही वेळ ती वाचण्यास राखून ठेवण्यात आला. बाकीचे वर्ग नेहमीच्या अभ्यासक्रमानुसार चालले. वर्षाअखेर पुस्तके मिळालेल्या वर्गांची वाचनातील प्रगती इतरांच्या सुमारे दुप्पट झालेली आढळली, आणि दुसऱ्या वर्षाअखेर हा लाभ लेखनासह इतर भाषिक कौशल्यांतही उतरलेला दिसला. ज्या मुलांना लेखन वेगळे शिकविले नव्हते ती अधिक चांगले लिहू लागली. फिजीतील मुले माध्यमिक शाळेतील नव्हती, हे खरे; पण वयाने मोठ्या विद्यार्थ्यांना हा नियम लागू पडणार नाही असे मानण्यास आधार नाही. ५० सोपी पुस्तके एका पत्र्याच्या पेटीत घालून वर्गात ठेवणे आजच्या कोणत्याही शाळेच्या आवाक्यात आहे. ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात ती ठेवणे हा मात्र त्यांचा उपयोग होऊ न देण्याचा खात्रीचा मार्ग होय.

तथापि केवळ वाचनाने लेखन आपोआप पूर्ण सिद्ध होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. लेखनाच्या अध्यापनात आपल्याकडे मधली पायरीच नाही. खालच्या इयत्तांत अनुलेखन व श्रुतलेखन असते. वरच्या इयत्तांत एकदम निबंध व पत्र येते. या दोहोंमधील दरी पाठांतराने भरली जाते. ताप आल्यामुळे रजा मागणारा अर्ज शेकडो विद्यार्थी एकही चूक न करता लिहितात. त्याच विद्यार्थ्याचा पाय मुरगळला तर त्यास अर्ज लिहिता येत नाही.

मधली पायरी कशी असावी हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आठवडी बाजाराविषयीचा एक सोपा उतारा वर्गात वाचून झाला आहे असे समजावे. शिक्षक फळ्यावर चार रकान्यांचे कोष्टक काढतात : कोण आले, कोठून आले, कशाने आले, काय विकले. विद्यार्थी उताऱ्यातून ते भरतात. हे वाचनच होय. मग पुस्तक मिटून कोष्टकावरून वाक्ये लिहितात. दुसऱ्या दिवशी तीच वाक्ये ‘बट’, ‘बिकॉज’, ‘सो’ यांनी जोडून त्यांचा परिच्छेद करतात. तिसऱ्या दिवशी कोष्टक कोरे असते, व ते विद्यार्थ्याने आपल्या गावच्या बाजारावरून भरावयाचे असते. या तिसऱ्या दिवशीचे लेखन त्याचे स्वतःचे आहे. ते कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडत नाही. त्यात चुका होतील. भूतकाळाची रूपे चुकतील, ‘ए’ व ‘द’ गळतील. त्यांची धास्ती घेऊन तिसरा दिवस टाळणे म्हणजे सर्व श्रम वाया घालविणे होय.

चुकांसंबंधी दोन गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल. पुष्कळ चुका निष्काळजीपणाच्या नसून मराठीच्या नियमांचे प्रामाणिक पालन केल्याने घडतात. ‘तो म्हणाला की मी येतो’ हे मराठीत शुद्ध आहे. म्हणून विद्यार्थी ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’ असे लिहितो आणि त्यामुळे येणारा मनुष्यच बदलतो. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ असे मराठीत म्हणता येते. म्हणून ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ असे होते. नामापूर्वी ‘द’ लावण्याची गरज मराठीला भासत नाही, तेव्हा ती तेथे सुचतच नाही. दोन्ही भाषांतील वाक्ये शेजारी शेजारी मांडून भेद दाखविल्यास विद्यार्थ्याला आपली चूक मूर्खपणाची नव्हे हे पटते, आणि ती सुधारण्यास हे पटणे आवश्यक असते. येथे भाषांतर खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट तपासणीची. ६० वह्या प्रत्येकी चार मिनिटांत तपासल्या तरी चार तास लागतात. दोन तुकड्या असतील तर आठ. परिणामी लेखन महिन्यातून एकदा होते, व जे होते ते लाल शाईने भरून परत येते. १९९६ साली ट्रस्कॉट यांनी व्याकरणाच्या अशा दुरुस्तीने परभाषेतील लेखन सुधारत नाही असे आग्रहाने मांडले. १९९९ साली फेरिस यांनी त्यास उत्तर देऊन निवडक व सुस्पष्ट दुरुस्ती उपयुक्त ठरते असे प्रतिपादन केले. वाद मिटलेला नाही. परंतु प्रत्येक चुकीवर रेघ मारण्याचे समर्थन यांपैकी कोणीही करीत नाही. एका आठवड्यात केवळ भूतकाळाची रूपे तपासावीत, दुसऱ्या आठवड्यात केवळ वाक्याचे जोड. आणि खूण केल्यावर विद्यार्थ्याने तेच लेखन पुन्हा लिहावे. न लिहिलेली वही तपासण्यापेक्षा अर्धवट तपासलेली वही बरी.

एक शंका येथे सहज उद्भवते. विद्यार्थ्याला इंग्रजी वाचता येत नाही याचे कारण इंग्रजी अपुरे हे, की त्यास वाचताच येत नाही हे? अल्डरसन यांनी १९८४ साली हाच प्रश्न उपस्थित केला. भाषेचे ज्ञान अगदी तुटपुंजे असेपर्यंत अडचण मुख्यतः भाषेची असते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. कमिन्स यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार मातृभाषेत कमावलेले वाचनाचे सामर्थ्य दुसऱ्या भाषेत उतरू शकते. दोन्ही मते एकत्र ठेवली तर मराठीच्या तासाकडेही वळून पाहावे लागते. त्या तासालाही गद्यपाठ बहुधा शिक्षकच वाचतात व शिक्षकच उलगडतात. मराठी उतारा मनात वाचून त्यातील मुख्य विधान शोधण्याची सवय ज्याला मराठीतच लागली नाही, त्याच्याकडून ती इंग्रजीत अपेक्षिणे अन्यायाचे होईल.

पहिलीपासून इंग्रजी शिकून दहावी ओलांडणारा विद्यार्थी आज दहा वर्षांचे हप्ते भरतो. वेस्ट यांच्या काळी शाळा मध्येच सोडणाऱ्यांचा विचार मुख्य होता. आज शेवटपर्यंत टिकणाऱ्यांच्या समर्पण मूल्याची मोजणी होणे तितकेच अगत्याचे झाले आहे. ती फार अवघड नाही. नववीच्या वर्गास पूर्वी न पाहिलेले, नित्याच्या २००० शब्दांत बसणारे ३०० शब्दांचे एक इंग्रजी पान द्यावे. अर्थ सांगू नये. लागणारा वेळ नोंदवावा. प्रश्न मराठीत विचारावेत व उत्तरे मराठीत घ्यावीत, म्हणजे लेखनाची अडचण वाचनाच्या मोजणीत मिसळणार नाही. त्याच विद्यार्थ्यांना तेवढेच मराठी पान देऊन दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवावेत. तीनचार शाळांत, वर्षाच्या आरंभी व अखेरीस, पुस्तकांची पेटी असलेल्या व नसलेल्या वर्गांत अशी मोजणी करणे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधाच्या आवाक्यातील काम आहे. ‘इंग्रजीविषयी विद्यार्थ्यांची अभिवृत्ती’ या विषयावर आणखी एक प्रश्नावली वाटण्याऐवजी ते हाती घेता येईल.